पुढच्या रांगेतला लाडका सेल

रोह्याजवळच्या त्या वीज उपकेंद्रात हिरामणचा एका सेलवर जीव होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बॅटरीच्या खोलीत सेलच्या दोन रांगा. पुढच्या रांगेतला दाराजवळचा सेल नमुन्याचा. रोज त्याच्या व्होल्टेजचं माप घ्यायचं; तो ठीक तर सगळे ठीक. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना! हिरामण त्याला पुसायचा, डिस्टिल्ड वॉटर पाजायचा, दसऱ्याला झेंडूचं फूल तेवढं त्यालाच. महिन्यातून एकदा मागची रांगही मोजायची असे, पण तिथे वाकायचं कोणी? लाडक्याचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून तो मागच्यांच्या नावावर लिहायचा. ही लबाडी आहे, असं त्या भल्या माणसाच्या मनातही येत नसे.

पेणहून सुरभी नावाची इंजिनिअर बॅटरीच्या चाचणीला आली, तेव्हा त्याने कौतुकाने आधी तोच सेल दाखवला. तिने चार्जर बंद करून सगळ्या बॅटरीवर भार टाकला. लाडका ठाम राहिला. मागच्या रांगेने मात्र बघता बघता मान टाकली.

सुरभी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, शीत दर वेळी वेगळं उचलायचं असतं. तुम्ही एकच जपलंत."

हिरामणला पहिल्यांदाच मागच्या रांगेची भीती वाटली. तार तुटून खाली पडली की ब्रेकरने त्याच क्षणी लाइन तोडायची, आणि त्याला बळ द्यायचं ते या बॅटरीने. तिच्यातच जीव नसेल, तर पडलेल्या तारेतली वीज तशीच चालू राहणार. खांब गावातल्या त्याच्या शेतावरून हीच लाइन जात होती. भात निघाल्यावर वाल पेरलेला, शेंगा भरलेल्या. बायको, मालू, आत्ता तारेखालीच वाकलेली असणार.

त्याने लाइन बंद करायची परवानगी मागितली. साहेबांनी विचारलं, मागच्या महिन्यात तर सगळं ठीक होतं ना? निवृत्ती तोंडावर आलेली; चार्जरवर खापर फोडून वेळ मारून नेता आली असती.

"नाय साहेब. मागचे सेल मी मोजलेच नव्हते."

साहेब नको ते बोलले, वर विचारून सांगतो म्हणाले. तेवढ्यात त्याने मालूला फोन लावला.

"मालू, वालातनं बाहेर ये. आत्ता."

"मी घरीच हाय," मालू म्हणाली. "नवरात्रापासून गुडघा वाकत नाय माझा. शेंगा तशाच सुकतायत. तुमी कधी इचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं. रोज घरी गेला की तो नातवाला उचलून घ्यायचा. पोर हसलं की घर बरं आहे, असं धरून चालायचा. हिरामणला स्वतःची लाज वाटली.

लाइन बंद झाली. दुपारी पेणहून बदली सेल आले, दोघांनी ते बसवले, पुन्हा भार टाकला. या वेळी मागची रांग टिकली. आता नमुन्याला कोणता सेल धरायचा, असं सुरभीने विचारलं, तर हिरामण पार कोपऱ्यातल्या सेलपुढे गुडघे टेकून बसला. त्याचं माप घेतलं, बाकीच्यांचंही घेतलं. मग भिंतीला धरून उठत म्हणाला, "पेणला गुडघ्याचा चांगला डॉक्टर कोण हाय गो?"

सुरभीने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"माझा नाय," तो म्हणाला. "मालूचा."