पांढरी काठी आणि प्रोथेरोची उलटी पावलं

या मित्रांनो, बसा असे जवळ. आज तुम्हाला अशा माणसाची गोष्ट सांगते, जो भरल्या सभागृहात उलटा चालला आणि जिंकला. सांगणारी कोण म्हणाल, तर मी एक जुनी पांढरी काठी आहे. शाळेचं तोंड मी काही पाहिलेलं नाही. सगळा जन्म पेटीत आणि साहेब लोकांच्या मुठीत गेला. तेव्हा बोलणं जरा खडबडीत वाटलं तर चालवून घ्या.

लंडनच्या एका बोळात लाकूड कातणारा म्हातारा कातारी होता, त्यानं मला घडवलं. तीन तुकडे, मध्ये पितळी आटे, वर पांढरा रंग. उंचीला माणसापेक्षा जास्त, जाडीला अंगठ्याएवढी. पेटीत घालताना म्हातारा म्हणाला, "पोरी, तू मिरवायची काठी आहेस. कुणी भार टाकला तर मोडशील बघ."

तिथल्या सरकारात एक छोटं मंत्रिपद असतं, राजवाड्याचा दुय्यम कारभारी. पद शेकडो वर्षांचं. पूर्वी ते बड्या सरदारांच्या पोरांना मिळायचं, पुढं सत्तेतल्या पक्षाच्या सभासदाला मिळायला लागलं. संसदेच्या सभागृहात दिवसभर काय घडलं, ते या माणसानं रोज राजाला लिहून कळवायचं. आणि राजा अधिवेशन सुरू करायला आला, की तो सुखरूप परत जाईपर्यंत यानं राजवाड्यात ओलीस बसायचं! जुन्या काळी राजाचा सभागृहावर भरवसा नव्हता, तेव्हाची ही रीत. आता ओलिसाला चहा आणि केक मिळतो म्हणा.

माझं काम वर्षातून एकदाच. सभागृह राजाच्या भाषणाबद्दल आभार मानतं, आणि राजाचं उत्तर घेऊन दुय्यम कारभारी येतो, हातात मला धरून. उत्तर वाचायचं, आणि मग अध्यक्षांना पाठ न दाखवता, तीनदा वाकून, दारापर्यंत उलटं चालत जायचं. मागं वळून बघायचं नाही. माझ्यावर टेकायचंही नाही.

माझी अदब छान राखली म्हणून कैक जणांनी शाबासकी मिळवली. पण काम झालं की वर्षभर कुणाला माझी आठवण राहत नसे. पेटीवर धूळ बसली, एका टोकाचा रंगही उडाला.

मग एका निवडणुकीत कामगारांचा पक्ष जिंकला आणि पद मिळालं एम्लिन प्रोथेरोला. वेल्सच्या खाणीत बावीस वर्षं कोळसा फोडलेला माणूस. कोळशाची गाडी पायावरून गेलेली, त्यामुळं डावा पाय लंगडा. त्यानं मला पेटीतून काढलं आणि खुशीत म्हणाला, "वा! बरी आहे की टेकायला."

पेटी आणणारा कारकून दचकला. "टेकू नका साहेब! मोडेल ती."

"मग काठी कशाला म्हणता हिला?" एम्लिन म्हणाला. मला हसू आलं, आणि माणूस आवडला.

पण व्हरांड्यात समोरच्या पक्षाचे सर ऑस्बर्ट क्रेल भेटले. लांब टांगांचे, लांब जिभेचे. "काय प्रोथेरो, सरळ चालताना ही गत, उलटं चालताना गाद्या अंथरायच्या का?" आजूबाजूचे खो खो हसले. एम्लिनची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली.

सराव करायला त्यानं मला लंडनमधल्या घरी नेलं. छोट्याशा बोळकांडीत उलटा चालला, तो बादलीवर आदळला. परत चालला, तर चहाची किटली फुटली.

"मी हे पद सोडतो, ओल्वेन," तो बायकोला म्हणाला. "मी पडलो तर एकटा पडणार नाही. उद्या सगळे म्हणतील, खाणीतल्या माणसांना राज्य कुठलं झेपतंय!"

"म्हणजे न पडताच हरायचं?" ओल्वेन तुकडे गोळा करत म्हणाली. "आणि तू डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागं काय बघतोस रे? खाणीत बघायचास का?"

"अगं, तिथं अंधारात काय बघणार? बोगदा एवढासा. डोकं आत घालून शिरायचं, वळायला जागा नाही. आलो तसंच मागं सरकत यायचं. आधी टाचेनं चाचपायचं, मग पाय..." बोलता बोलता त्यानं टाच मागं सरकवून बघितली.

"झालं तर मग," ओल्वेन म्हणाली. "बावीस वर्षं तू दुसरं काय केलंस?"

तो दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलेलं. अर्धे लोक उत्तर ऐकायला आलेले, अर्धे पडझड बघायला. एम्लिननं राजाचं उत्तर खणखणीत वाचलं, वाकला, आणि निघाला मागं. टाचेनं चाचपलं, मग पाय. टाच, पाय. दुसऱ्यांदा वाकला. तेवढ्यात त्याची टाच कशाला तरी लागली. सर ऑस्बर्टच्या टांगा वाटेत पसरलेल्या!

एम्लिनचा सगळा भार त्या लंगड्या पायावर आला. मूठ माझ्यावर खाली घसरली. मित्रांनो, मी कडकन वाजले. वाटलं, संपलं आता, दोघंही मोडणार. पण त्यानं मूठ सैल केली. भार माझ्यावरून काढून घेतला. रुळावरून पाय टाकावा तसा चांगला पाय शांतपणे उचलला आणि त्या टांगांपलीकडं ठेवला. मागं एकदाही बघितलं नाही.

दाराशी तो तिसऱ्यांदा वाकला. तिथं टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण दोन्ही बाजूंचे लोक असे गरजले की छपराला हादरा बसला! हातातले कागद फडफडवत सगळे उभे राहिले.

सर ऑस्बर्ट बाहेर धावत आले, लालबुंद होऊन. "प्रोथेरो, माफ करा. हे शिकलात तरी कुठं?"

"जमिनीखाली, सर," एम्लिन म्हणाला. "आमच्याकडं सगळ्यांनाच येतं."

संध्याकाळी त्यानं राजाला नेहमीचं पत्र लिहिलं. लिहिता लिहिता तो मोठ्यानं वाचत होता, ते मी टेबलाला टेकून ऐकलं: 'आपलं उत्तर सभागृहात पोचवलं. मीही दारापर्यंत पोचलो.' पुढं तो गावी गेला, तर खाणीतली माणसं बँड घेऊन स्टेशनवर हजर! लोकांनी त्याला खांद्यावरून घरी नेलं. माझी पेटी त्याच्या मांडीवर होती. एवढी मिरवणूक कुठल्या सरदाराच्या हातातही मला मिळाली नव्हती.

आता मी काचेच्या कपाटात असते. मुठीच्या जागी कातडं गुंडाळलेलं आहे, पण आट्यापाशी त्या दिवशीची चीर अजून आहे. ती कुणी बुजवू नये असं मला फार वाटतं. आणि तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या वर्गात उद्या कुणी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभं राहील, पाय लटपटतील त्याचे. तेव्हा हसू नका. तुमचे पाय जरा आत घ्या आणि त्याला वाट द्या. एवढं कराल ना?