बुंध्यांचे निखारे

सुरीच्या पाठीने माशाचे खवले काढता काढता प्रोस्पेरला ते पत्र पुन्हा आठवलं. धाकट्या भावाचं, स्प्लिट शहराहून आलेलं, वसंतात. खाडीवरचा वडिलांचा द्राक्षमळा विकायचा, एक हॉटेलवाला चांगला भाव देतो आहे, जमीन दोघांच्या नावावर असल्यामुळे दादाची सही लागेल, तेव्हा लवकर कळव, एवढंच आंद्रोने लिहिलं होतं. आता उन्हाळा अर्धा सरला होता आणि प्रोस्पेरने कळवलं नव्हतं.

कळवायचं नव्हतं असं नाही. सगळा जन्म बेटावरच्या कोमिझा गावी वाचनालयात गेलेल्या त्या माणसाने उत्तर कितीदा तरी लिहून पाहिलं होतं. एका मसुद्यात राग जास्त झाला, दुसऱ्यात गयावया. तिसरा बरा उतरला होता, पण त्यातला एक स्वल्पविराम हलवता हलवता त्याचा धीरच सुटला. मग त्याने मनाची समजूत घातली. लिहायचं कशाला? आंद्रो येईलच. त्याला घरी जेवायला घालू, मासा भाजू, आपल्या मळ्यातली पांढरी वाइन, वुगावा, पाजू. तो घोट पोटात गेल्यावर विकायची भाषा कोण करेल?

म्हणून आज पहाटे त्याने कोळ्याच्या होडीशी उभं राहून हा मोठा झुबातात्स मासा घेतला होता, आणि तळघरातल्या पिंपातून वाइन काढून बाटली विहिरीत सोडली होती. बर्फात ठेवली की वुगावा मुकी होते, असं वडील म्हणत. विहिरीचा गारवा तिला पुरतो.

आंद्रो आणि त्याची बायको नेवेंका ऊन उतरल्यावर आली. नेवेंकाने दुकानातली एक बाटली आणली होती. विक्रेत्याने म्हणे मासा कोणता, कसा भाजणार, लिंबू पिळणार का, सगळं विचारून ती निवडून दिली होती. प्रोस्पेरने ती आदराने घेतली आणि कपाटावर मागे सारून ठेवली.

अंगणात त्याने हिवाळ्याच्या छाटणीतल्या वेलींच्या काटक्या रचल्या होत्या. मासा भाजायचा तो वेलीच्या जाळावर, हे त्या बेटावर कुणी कुणाला शिकवत नाही. आंद्रो कमरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत राहिला.

"दादा, हे काय चिमणीचं घरटं बांधलंयस? यावर तारल्या भाजतील. या धुडाला निखारा लागतो."

"पुरेल रे. घालत राहू."

"तू बस. पुस्तकात नसतात या गोष्टी."

नेवेंका हसली, प्रोस्पेरही हसला. आंद्रो गाडीकडे गेला. प्रोस्पेरने तेवढ्यात विहिरीतली बाटली ओढून तीन पेले भरले. परत येऊन आंद्रोने हातातलं पोतं भिंतीशी टेकवलं, पेला उचलला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला. मग डोळे मिटले. प्रोस्पेर पाण्याचा जग हातात घेऊन उभा होता. आंद्रोने जगावर तळहात ठेवला. रोजच्या जेवणात तिथे वाइनीत पाणी घालतातच. पाणी नको म्हणण्याहून मोठी पावती नाही.

"वडिलांच्या हातची चव," आंद्रो म्हणाला. "अगदी तीच. मीठ लागतं बघ शेवटी, समुद्राचं."

प्रोस्पेरने जग खाली ठेवला. जमलं, त्याला वाटलं. एकही शब्द न लिहिता जमलं.

मासा आणायला तो आत गेला. त्याने पोटात रोझमेरी भरली, अंगाला तेल चोळलं. ताट घेऊन बाहेर आला तेव्हा काटक्यांच्या जाळावर आंद्रोने पोत्यातली जाड लाकडं रचली होती. काळपट, पिळदार, मुळांना अजून लाल माती चिकटलेली. एका बुंध्याच्या बेचक्यात पांढरा दगड रुतला होता आणि लाकूड त्याच्याभोवती ओठासारखं वाढलं होतं. तो दगड तिथे कुणी खोचला होता, हे प्रोस्पेरला ठाऊक होतं. खोचणाऱ्याचे तेव्हा दुधाचे दात पडत होते, आणि त्याबद्दल वडिलांचा मार दादाने खाल्ला होता.

दुखऱ्या गुडघ्यामुळे प्रोस्पेर महिनाभर मळ्याकडे चढलाच नव्हता.

दगड तापून फटकन तडकला. आंद्रोने तो चिमट्याने बाजूला ढकलला.

"हा कुठून आला यात?" तो म्हणाला. मग भावाचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "माझ्याच बाजूच्या वेली काढल्यात. तुझ्या वेलींना हात नाही लावला. त्या हॉटेलवाल्याला उतार मोकळा बघायचा होता."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं की. पत्र टाकलं. तू काहीच बोलला नाहीस, दादा. मला वाटलं, तुझं हो आहे, फक्त तोंडाने म्हणवत नाहीये. तुझं असंच असतं ना?"

नेवेंका हळूच म्हणाली, निखारे पडलेत, मासा घाला.

मासा घातला. निखारे शेवटपर्यंत एकसारखे राहिले, कातडी कुठे करपली नाही, आतलं मांस पाकळ्यांसारखं सुटत आलं. तिघेही काटे चोखत जेवले. इतका चांगला मासा त्या अंगणात कधी भाजला गेला नव्हता, आणि वुगावा त्याच्यासोबत इतकी गोड कधी लागली नव्हती. ती संपल्यावर नेवेंकाने दुकानातली बाटली उघडली. तीही काही वाईट नव्हती. प्रोस्पेरने आपल्या पेल्यात पाणी घातलं.

सकाळी पाहुणे झोपेत असताना प्रोस्पेर टपाल कचेरीत गेला. पाकीट त्याने घरीच बंद केलं होतं. आत एकच शब्द होता: नाही. स्वल्पविरामाचा प्रश्न आला नव्हता. खिडकीतल्या याकिंकाने पत्ता वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, आंद्रो तर तुमच्याकडेच उतरलाय. हातात द्या की, तिकिटाचा खर्च कशाला?"

"टपालानेच जाऊ दे."

"बरं. दुपारच्या बोटीने जाईल."

आंद्रोही दुपारच्याच बोटीने जाणार होता. प्रोस्पेरने मान हलवली. पाकीट पिशवीत पडेपर्यंत तो खिडकीशी उभा राहिला, मग त्यांच्या न्याहारीसाठी पाव घ्यायला वळला.