भुलभुलैया क्रमांक अकराशे सात

रविवारचा पेपर दारात पडला की त्या घरात त्याची वाटणी ठरलेली असे. पहिलं पान मुलाचं. कुठल्या भागात पाणी कधी येणार, सुट्टीत कुठला दवाखाना उघडा, कुणाचा पोपट उडाला, हे आतलं पान सूनबाईचं. आणि पुरवणीचं शेवटचं पान नऊ वर्षांच्या नातीचं. त्या पानाला कुणी बोट लावायचं नाही, अगदी आजोबांनीसुद्धा. वास्तविक ते पान आजोबांच्याच जिवावर उभं होतं. शहरापुरत्या निघणाऱ्या त्या दैनिकात गेली एकवीस वर्षं दर रविवारी ते मुलांसाठी हाताने काढलेला भुलभुलैया देत. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरांना सगळं शहर आता कोडेकाका म्हणून ओळखत होतं.

त्या रविवारी अकराशे सातवा भुलभुलैया आला होता. एका कोपऱ्यात मुंगी, समोरच्या कोपऱ्यात साखरेचा दाणा, आणि मध्ये भिंतीच भिंती. नात जमिनीवर पालथी पडून पेन्सिल चालवत होती. अर्ध्या तासाने तिने मान वर केली.

"आजोबा, ह्याला वाटच नाही."

"वाट असतेच. नीट बघ."

"तीनदा बघितलं."

"मग चौथ्यांदा बघ. तुझी पेन्सिल डोक्याच्या पुढे धावते."

"मुंगी उपाशी मरणार आहे तुमची."

"मुंगी नाही मरत. मुंगीला धीर असतो. तो जरा तिच्याकडून शिक."

नात कागद उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार जरा जोरातच लागलं. काकांनी हसून चहाचा कप तोंडाला लावला. एकवीस वर्षांत किती मुलांनी किती पत्रांत लिहिलं होतं की वाट नाही म्हणून! पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं की सगळी गप्प.

जेवणं झाल्यावर सहज चाळा म्हणून त्यांनी शेजाऱ्यांकडून त्यांचं पान मागून आणलं, भिंग घेतलं आणि टाचणीच्या डोक्याने मुंगीला चालवायला सुरुवात केली. डावीकडे गेले, अडले. परत फिरले. उजवीकडे गेले, अडले. दुसऱ्यांदा अडले तेव्हा त्यांनी पान खिडकीच्या उजेडात नेलं. तिसऱ्यांदा अडले तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं.

खरंच वाट नव्हती.

आता काकांची काम करायची रीत अशी होती. आधी पेन्सिलीने खरी वाट आखायची. मग तिच्या दोन्ही अंगांनी शाईच्या भिंती उभ्या करायच्या, फसव्या गल्ल्या काढायच्या. पेन्सिल खोडली की टाचणीच्या डोक्याने मुंगी एकदा स्वतः चालवून बघायची. शेवटी चित्रावर पातळ कागद ठेवून लाल शाईने उत्तर काढायचं, पाकिटात घालायचं, पाकीट डिंकाने चिकटवायचं आणि चित्राबरोबर कचेरीत द्यायचं. ते पाकीट पुढच्या रविवारची तयारी होईपर्यंत संपादिकासुद्धा उघडत नसत. ह्या रीतीत एकवीस वर्षांत फट पडली नव्हती.

पण हा भुलभुलैया त्यांनी काढला होता दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यानंतरच्या आठवड्यात. सूनबाई तेव्हा म्हणालीही होती, "बाबा, जरा दम खा की. पोरं एक रविवार मुंगीशिवाय राहतील." काकांनी ऐकलं नव्हतं. भिंती काढल्याचं त्यांना आठवत होतं. लाल रेघ ओढल्याचंही आठवत होतं. पण मुंगी चालवून बघितली होती का? किती आठवून पाहिलं तरी ती टाचणी काही हातात येईना.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती तर विसरणं शक्यच नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर पुरवणीच्या संपादिकाबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझ्या हातून पोरांकडे चुकीचं काही जाईल, त्या दिवशी पेन तुमच्या टेबलावर ठेवीन. मग मला समजावत बसायचं नाही."

सोमवारी सकाळी ते कपडे करून निघाले. खिशाला शाईचं पेन होतं. सूनबाईने विचारलं, "आज कुठे? आज तर तुमचा कचेरीचा वार नाही."

"जरा काम आहे."

तिने एकदा पेनाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डबा भरता भरता म्हणाली, "येताना रिक्षाने या. पायी नका येऊ."

दैनिकाची कचेरी एका छापखान्याच्या वर होती. जिना चढतानाच फोनची घंटा ऐकू येत होती. संपादिकाबाई, ज्यांना कचेरीत सगळेच ताई म्हणत, एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने तक्रारवहीत लिहीत होत्या. काकांना पाहून त्यांनी फोन ठेवला.

"या काका, बसा. एक्केचाळीस फोन झाले. पाणी दोन दिवस आलं नाही तेव्हा एवढे आले नव्हते. हे बघा, एक गृहस्थ म्हणतात, काल दुपारपासून घरातली चार माणसं त्या मुंगीमागे लागलीत, कुणी जेवलं नाही, आणि आता मेहुण्यालाही बोलावून घेतलंय. ही एक बाई, म्हणते, मुलाला मी उगाच ओरडले, आता मलाच सुटेना."

एरवी काका पोट धरून हसले असते. आज त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टेबलावर, तक्रारवहीच्या शेजारी, ठेवलं.

"हे काय?"

"शब्द दिला होता."

ताईंनी पेनाकडे पाहिलं आणि खण उघडला. "शब्द चुकीसाठी दिला होतात. चूक कुणाची हे अजून ठरायचंय. आधी पाकीट फोडू."

त्यांनी पट्टीने पाकीट उघडलं. आतला पातळ कागद काढून छापलेल्या पानावर ठेवला, कोपरे जुळवले. लाल रेघ मुंगीपासून निघाली, तीन वळणं घेतली, खाली उतरली आणि एका ठिकाणी सरळ भिंतीतून आरपार गेली.

"बघा," काका हळूच म्हणाले. "मी रेघ भिंतीतून नेली. दिसलीच नसेल भिंत मला."

"किंवा तेव्हा भिंत नसेल," ताई म्हणाल्या. "तुमचं मूळ चित्र कुठंय?"

मूळ चित्र संगणकावर दैनिकाची पानं लावणाऱ्या बाईंकडे होतं. तिशीच्या त्या बाई तीनच आठवड्यांपूर्वी कामाला लागल्या होत्या. त्यांच्या आधी हे काम करणारे गृहस्थ वीस वर्षं काकांची चित्रं लावून नुकतेच निवृत्त झाले होते. बाई फाईल घेऊन आल्या आणि चित्र टेबलावर ठेवलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पण खाली पाहीनात.

"तुम्हीच बघा ताई. तुमचे डोळे चांगले."

ताईंनी पातळ कागद मूळ चित्रावर ठेवला. बोट लाल रेघेवरून फिरू लागलं. तीन वळणं झाली. बोट खाली उतरलं आणि थांबलं.

"काका, इथे फट आहे."

"काय?"

"फट! भिंतीत फट आहे. हे बघा. मुंगी इथून मजेत जाते."

काका वाकले. खरंच, तांदळाच्या दाण्याएवढी, स्वच्छ, जाणूनबुजून ठेवलेली फट होती. आणि त्या फटीजवळ टाचणी टेकल्याचा बारीकसा ठिपकाही होता. म्हणजे मुंगी चालवून बघितली होती! आठवण गेली होती, पण काम झालं होतं.

तेवढ्यात पानं लावणाऱ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई... ती मी बुजवली."

"तुम्ही?"

"चित्र संगणकावर घेतलं ना, तेव्हा दिसलं की एका ठिकाणी रेघ तुटलीये. मला वाटलं, काकांचं वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थरथरला असेल. म्हटलं, उगाच त्यांना कशाला विचारून वाईट वाटायला लावायचं? गुपचूप जोडून टाकली."

"अहो, पण भुलभुलैयात रेघ जोडायची म्हणजे..." ताईंचा आवाज चढू लागला.

"थांबा, थांबा," काका म्हणाले. त्यांना हसू येत होतं, ते आवरेना. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता, आणि नेणारी रडवेली होऊन समोर उभी होती. "बाई, रडू नका. माझ्या हाताची काळजी करणारी तुम्ही घराबाहेरची पहिलीच. फक्त पुढच्या वेळी माझ्या हाताला विचारून काळजी करा. भुलभुलैयात तुटलेली रेघ म्हणजे दार. तुमच्या आधीच्यांना सवयीने ठाऊक होतं, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे चूक आमचीही."

बाईंनी डोळे पुसले. मग धीर करून म्हणाल्या, "पण काका, खरं सांगू? फट तुम्ही फारच बारीक ठेवलीत हो. बाकीची दारं एवढी मोठी आणि हे एवढंसं."

काकांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. बाकीच्या दारांवरून बोट फिरवलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पूर्वी मी एवढी बारीक ठेवत नव्हतो. भिंग घेऊन काढलं, म्हणून मला ती मोठी वाटली असणार."

ताईंनी पेन उचलून त्यांच्या खिशाला लावलं. "आता हे इथून हलवायचं नाही. आणि दुरुस्ती मी लिहिते. छपाईतील दोषामुळे वगैरे."

"नको. दुरुस्ती मी लिहितो. ज्या मुलांनी वाट नाही म्हणून सांगितलं, ती सगळी बरोबर होती, हे आधी लिहायला हवं. पहिल्या ओळीत." बोलता बोलता त्यांना आतल्या खोलीचं जोरात लागलेलं दार आठवलं. "आणि मला घरी जायला हवं."

पण नात शाळेत होती. सूनबाई कामावरून घरी आली तेव्हा तिने आल्या आल्या सासऱ्यांच्या खिशाकडे पाहिलं. पेन होतं. तिने चहा टाकला. त्यात साखर जरा जास्त पडली.

नात आली. दप्तर ठेवलं. आजोबांकडे न बघता हात धुवायला गेली.

"इकडे ये बरं. मला तुला काही सांगायचंय."

"मी चौथ्यांदा पण बघितलं," ती तिथूनच म्हणाली. "पाचव्यांदा पण."

"मला ठाऊक आहे. वाट नव्हती. तू बरोबर होतीस आणि मी चुकलो."

पाण्याचा आवाज थांबला. ओल्या हातांनीच ती दारात आली. "खरंच नव्हती?"

"खरंच. छापताना एक दार बुजलं. पण मी तुझं न ऐकता तुलाच घाई करतेस म्हणालो, ते दार मी बुजवलं."

तिने आजोबांकडे नीट निरखून पाहिलं, ते थट्टा करत नाहीत ना म्हणून. मग धावत आत गेली आणि दप्तराच्या तळातून घडी घातलेलं पान घेऊन आली. मुंगी जिथे जिथे जाऊ शकत होती ती प्रत्येक गल्ली तिने निळ्या रंगाने रंगवली होती. एकही गल्ली सुटली नव्हती. निळ्या रंगाला सगळीकडून भिंत होती, आणि साखरेचा दाणा पलीकडे, पांढऱ्यात बसला होता.

"हे कधी केलंस?"

"काल. तुम्ही झोपला होतात तेव्हा. तुम्हाला दाखवणार होते, पण तुम्ही परत म्हणाला असतात, नीट बघ."

काकांनी चष्मा वर केला. चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण एखादी गोष्ट नाहीच हे असं सरळ दाखवून देणारं मूल त्यांना फार वेळा भेटलं नव्हतं. "हे मला देशील? पुढच्या रविवारी छापायला? माझ्या उत्तराच्या शेजारी."

"नाव घालायचं माझं."

"घालू की. मोठ्या अक्षरात."

"आणि मुंगीला साखर द्यायची."

"ती तू दे," काका म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, कोरा कागद घेतला आणि अकराशे आठची पहिली भिंत ओढली. मग पेन थांबवून म्हणाले, "करंगळी ठेव इथे."

"कशाला?"

"दार किती रुंद हवं, ते मोजायचंय."

तिने हात धुऊनही निळा रंग न गेलेली करंगळी कागदावर टेकवली. काकांनी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण केली, आणि मग तिथून पुढे भिंत काढायला घेतली.