सोमवारची पाटी

चिमणाबाईचा पदर पट्ट्यात गेला तेव्हा श्यामलाबाई तिच्या अगदी समोर उभ्या होत्या.

राजारामपुरीतल्या त्या शिवणखात्यात टेबलांखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावर सगळी मशिनं चालायची. दांडा फिरवणारा मोटारीचा जाड पट्टा कोपऱ्यात होता. खाली पडलेली गुंडी उचलायला चिमणाबाई वाकली आणि पदर ओढला गेला. त्याचा पीळ गळ्याभोवती बसला. मोटारीचं बटण पार दुसऱ्या टोकाला, कापडाच्या गठ्ठ्यांमागे. श्यामलाबाईंनी तिकडच्या बायकांना हात वर करून खूण केली. मशिनावर माना घातलेल्या बायकांना ती दिसली नाही.

हाक मारायची, तर सोमवार होता. सोमवारी अंघोळीपासून सांजवातीपर्यंत त्यांचं मौन असे आणि उपासही. त्या दिवशी बाई काय ते खुणेनं सांगत, नाहीतर पाटीवर लिहीत. मौन मोडावं की काय, हा विचार त्यांच्या मनात उभा राहतो न राहतो तोच रोशनबी बेतायची मोठी कात्री घेऊन आडवी आली आणि तिनं पट्टाच कापला.

चिमणाबाई खोकत खाली बसली. तुटलेल्या पट्ट्याचं टोक फटकारत गेलं आणि काज करायचं नवं कोरं मशिन मोडून पडलं. खातं गप्प झालं. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते आणि गणवेशांचे ढीग अर्धवट पडले होते.

श्यामलाबाई आणि रोशनबी या दोघींवर खातं सोपवताना मालक हंबीरराव म्हणाले होते की, एकीनं डोकं चालवायचं, दुसरीनं हात. तसंच चाललं होतं. रोशनबी सगळ्यांदेखत म्हणायची, "बाईंचा इचार हुतोय तवर माझं शिवून, इस्त्री मारून हुतंय," आणि श्यामलाबाईसुद्धा हसायच्या. एकदा घाईघाईत रोशनबीनं अख्खं ठाण चुकीच्या मापानं बेतलं होतं. श्यामलाबाई दुपारभर ते कापड पुढ्यात घेऊन बसल्या आणि त्यातून बालवाडीचे झगे निघतील असं त्यांनी काढून दाखवलं. मालकांना मात्र त्यांनी, चूक खात्याची झाली, एवढंच सांगितलं होतं. रोशनबीचं नाव घेतलं नव्हतं. त्या वर्षी ईदेला शिरखुर्म्याचा डबा त्यांच्या घरी सगळ्यात आधी आला.

पट्ट्यावरची जाळी निखळली होती ती रोशनबीनंच दाखवली होती. "बाई, मालकांस्नी सांगा. कुणाचा तरी हात जाईल." श्यामलाबाई म्हणाल्या होत्या, बघते. हंगामात मोटार बंद ठेवायला मालक कबूल होणार नाहीत, त्यांना नीट शब्दांत सांगावं लागेल. ते शब्द त्या जुळवत राहिल्या. रोज पूजेला बसल्यावरही जुळवत.

चिमणाबाईला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, तेवढ्यात हंबीरराव आले. आधी त्यांनी मशिन बघितलं.

"पदर कापायचा सोडून पट्टा कुणी कापला?"

"मी," रोशनबी म्हणाली. "पदराचा पीळ गळ्यात रुतलाता. कात्री घालाय जागाच न्हवती."

"कुणी बघितलं?"

कुणीच नाही. चिमणाबाईची पाठ सगळ्यांकडे होती. समोर होत्या त्या एकट्या श्यामलाबाई.

"बाई, तुम्ही सांगा. खरं हाय हे?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. गठ्ठे उचलणाऱ्या धोंडुबाईनं पाटी आणि खडू त्यांच्या हातात दिला. खडू टेकला आणि पहिलाच शब्द जो मनात आला तो 'जाळी'. त्याच्यापुढे स्वतःचं नाव लिहावं लागलं असतं. श्यामलाबाईंनी खडू पाटीवर धरला, उचलला. मग मान खाली घालून ओठांवर बोट ठेवलं.

हंबीररावांनी थोडी वाट बघितली. "म्हंजे बाईंनाबी पटलेलं दिसत न्हाय," ते म्हणाले आणि रोशनबीला, उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी तिथंच सांगितलं.

रोशनबी श्यामलाबाईंकडे बघत राहिली. रागानं नाही, नेहमी त्यांचा विचार संपायची वाट बघायची, तशीच. मग तिनं कात्री पुसून खिळ्याला अडकवली आणि गेली.

संध्याकाळी श्यामलाबाईंनी दिवा लावला. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाच्या नावाचा, हा त्यांचा नेम. ओठ हलले, नाव काही आलं नाही. तशाच उठून त्या रोशनबीच्या घरी गेल्या. तिचा नवरा ख्वाजा दारात सायकलचं पंक्चर काढत होता. त्यानं हात पुसून स्टूल पुढं केलं आणि आपण बाहेर गेला.

रोशनबीनं केळं आणून ठेवलं. "आधी ह्ये खावा. दिसभर उपाशी हायसा."

"रोशन, सकाळी मी बोलायला हवं होतं."

"तुमचं मौन हुतं की."

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं श्यामलाबाईंना वाटलं.

"पाटी होती," त्या म्हणाल्या.

रोशनबीनं केळं अर्धं सोलून त्यांच्या हातात दिलं.

"व्हय," ती म्हणाली. "पाटी हुती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हंबीररावांना सगळं सांगितलं. पिळाचं, जाळीचं आणि आपलंही. शब्द जुळवले नाहीत. हंबीररावांनी ऐकून घेतलं. "काल बोलला असता तर गोष्ट निराळी होती, बाई. आता चारचौघींत दिलेला शब्द कसा माघारी घेऊ? जाळीचं बघतो." त्यांनाही कुठंतरी लागलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. रोशनबी तोवर कबनूरला बहिणीकडे गेली होती. तिथं मागावर सुताच्या कांड्या भरायचं काम मिळत होतं.

नवा पट्टा आला. जाळी आली नाही.

पुढच्या सोमवारी अंघोळ करून श्यामलाबाई देवापुढे बसल्या आणि मौनाचा संकल्प न करताच उठल्या. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. खात्यात पोचल्या तेव्हा मोटार सुरू झाली होती. गठ्ठ्यांमागे जाऊन त्यांनी बटण बंद केलं. मशिनं एकेक करून थांबली.

"जाळी बसल्याशिवाय मोटार सुरू होणार नाही," त्या म्हणाल्या. "मालकांना मी सांगते."

आवाज त्यांच्याच कानांना परका वाटला. बायकांनी मान हलवली. कुणी, बरं बाई, म्हणालं नाही. धोंडुबाईनं गठ्ठे कुठं ठेवू, हे बोट दाखवून विचारलं.

"आज माझं मौन नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

धोंडुबाईनं पुन्हा मान हलवली आणि गठ्ठे उचलले.

पदर अडकल्यानंतर चिमणाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आली होती. तिच्या गळ्यावर निळसर वळ होता. ती भिंतीपाशी गेली, पाटी काढली, पदरानं स्वच्छ पुसली आणि दर सोमवारी ठेवली जायची तशी श्यामलाबाईंच्या पुढ्यात ठेवली. शेजारी खडू. मग जाऊन आपल्या बंद मशिनापुढे बसली.

भिंतीवर खिळ्याला कात्री तशीच होती.