पहिली पंधरा मिनिटं

रक्ताची बाटली लावलेल्या माणसाशेजारी तुम्ही कधी पहिली पंधरा मिनिटं बसून काढली आहेत का? नसतील, तर सुभद्राबाईंचं वागणं तुम्हाला जरा अतीच वाटेल. परळच्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, त्या नर्स होत्या. रक्त चढवताना जे वाईट व्हायचं असतं ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांतच डोकावून जातं, असं त्या नव्या मुलींना शिकवत. कुणाला थंडी वाजते, कुणाच्या छातीत दडपतं, आणि कुणी नुसतं एवढंच म्हणतो की कंबर दुखते. तेवढं ऐकायला शेजारी कुणीतरी असावं लागतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मात्र त्याच शेजारी नव्हत्या. शहरात गोळीबार झाला होता, खाटा केव्हाच भरल्या होत्या आणि जमिनीवरच्या गाद्यांमधून पाय टाकायला जागा उरली नव्हती. दगडू नावाच्या, साताऱ्याकडच्या एका हमालाला त्यांनी बाटली लावली, आणि दुसऱ्या टोकाकडून हाक आली म्हणून "आलेच हं" म्हणून त्या उठल्या. परत यायला वीस मिनिटं लागली. तोवर दगडूचे दात एकमेकांवर वाजत होते, आणि शेजारच्या गादीवरचा जखमी माणूस चिडून म्हणाला, "कवाधरनं हाका मारतोय तो तुम्हाला. बाई, कंबर लई दुखती म्हणतोय." बाटली दुसऱ्याच गटाची निघाली. दगडू संध्याकाळी गेला. इतक्या गर्दीत दोष कुणावर ठेवायचा म्हणून चौकशीत तो कुणावरच ठेवला गेला नाही. तो सुभद्राबाईंनी गुपचूप घरी नेला.

तेव्हापासून पहिली पंधरा मिनिटं त्या स्टुलावरून उठत नसत. उजव्या हाताची दोन बोटं रोग्याच्या मनगटावर, आणि डाव्या मुठीत रबरी नळी. शीतकपाटातून आलेलं रक्त गार असतं, ते अंगात जाताना निदान आपल्या मुठीएवढी तरी ऊब त्याला मिळावी, एवढाच त्यामागचा विचार. डॉक्टर वागळे हसायचे. "सिस्टर, तेवढ्याने काय होणार?" त्या म्हणायच्या, "होऊ दे न होऊ दे. हात रिकामाच आहे ना माझा."

त्यानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी, लालबागच्या एका चाळीतला कोंडीराम आला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा असतानाच त्याला रक्ताची उलटी झाली होती, आणि आता तो धुतलेल्या मांजरपाटासारखा पांढरा पडला होता. त्याच्या गटाची एकच बाटली शिल्लक होती. "ही एवढीच आहे," डॉक्टर वागळे हलक्या आवाजात म्हणाले. "ही अंगात गेली नाही तर हा संध्याकाळ बघत नाही. जपा."

कोंडीरामची बायको बकुळा पायथ्याशी बसली होती. तिने विचारलं, "सिस्टर, रगत कोणाचा आसा?"

"नाव नसतं हो त्याच्यावर. नुसता नंबर."

कोंडीरामने डोळे अर्धवट उघडले. बाहेर रस्त्यावरून मोर्चा चालला होता, मुंबईसह महाराष्ट्राच्या घोषणा खिडकीपर्यंत येत होत्या. "घाटावरचो असांदे नायतर वऱ्हाडातलो," तो पुटपुटला, "माझ्या आंगात झालो म्हणा संयुक्त महाराष्ट्र."

"गप रवा," बकुळा डोळे पुसत म्हणाली. "मरतानाव थट्टा सुचता ह्यांका!"

दोन वाजून दहा मिनिटांनी रक्त सुरू झालं. मिनिटाला पंधरा थेंब. सुभद्राबाई स्टुलावर बसल्या. कोंडीरामची नाडी शहाण्णव होती, बारीक पण सरळ. तक्त्यावर त्यांनी ती लिहिली, नळी मुठीत धरली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की नळीला नाडी लागते आहे.

त्या घाबरल्या नाहीत. शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगतात, की अंगठ्याने नाडी मोजू नये, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. त्यांनी अंगठा काढला आणि नळीवर दोन बोटं ठेवली. ठोके होतेच. मग त्यांनी स्वतःचं मनगट पाहिलं. ते ऐंशी होतं. कोंडीरामचं पुन्हा पाहिलं, ते शहाण्णवच. नळीतलं त्यांनी घड्याळ लावून पुरतं एक मिनिट मोजलं, आणि ते एकशे दहा भरलं. काचेच्या नळकांड्यात थेंब मात्र आपल्या गतीने, सावकाश, एकामागून एक पडत होते, आणि त्यांचा त्या ठोक्यांशी काहीही संबंध नव्हता.

कोंडीराम शांत झोपला. अंग गरम नव्हतं, पुरळ नव्हतं, श्वास सारखा चालला होता. बकुळाने विचारलं, "बरा आसा ना सगळा?" आणि सुभद्राबाई "हो" म्हणाल्या, कारण रोग्याकडे पाहून दुसरं काही म्हणण्याजोगं नव्हतंच. नळीत एकशे तीस झाले. मग दीडशे. अकराव्या मिनिटाला ठोके मोजताच येईनात. नळी त्यांच्या मुठीत बारीक, सलग थरथरू लागली, थंडीने कुडकुडणारं माणूस कवेत धरावं तशी. ती थरथर त्यांच्या ओळखीची होती. गादीशेजारी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, त्यांनी ती एकदा धरली होती.

हात नळी बंद करायच्या चिमट्याकडे गेला आणि थबकला. बाटली एकच होती. बंद केली आणि सगळं ठीकच असलं, तर हाही आपल्याच हाताने जाणार. आणि बकुळाला सांगायचं काय, की नळी कुडकुडत होती? त्यांनी पायथ्याकडे पाहिलं. बकुळा नवऱ्याच्या पायांवरची चादर नीट करत होती.

त्यांनी चिमटा आवळला.

"काय झालं?" डॉक्टर वागळे लगबगीने आले. "कुणी बंद केलं?"

"मी."

"का? लक्षण काय? ताप? थंडी?"

सुभद्राबाईंनी तक्ता पुढे केला. तक्त्यावर त्यांच्याच अक्षरात शहाण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव असं लिहिलेलं होतं.

"सिस्टर, मी विचारतोय. लक्षण काय?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ. "कंबर लई दुखती, बाई."

 डॉक्टरांनी नळी बदलायला सांगितलं, सलाईन लावलं, आणि स्वतः नमुना घेऊन तपासणीकडे पळाले. सुभद्राबाई तिथेच उभ्या होत्या. बकुळाने त्यांचा पदर धरला. ती कोंडीरामच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती.

"सिस्टर," ती कुजबुजली, "हे तर निजलेहत. कोण बोलला?"

बाटली दुसऱ्याच गटाची होती. चिठ्ठी चिकटवताना अदलाबदल झाली होती. अंगात गेलं होतं ते जेमतेम दोन चमचे. सुभद्राबाईंची पाळी चारला संपत होती, पण त्या घरी गेल्या नाहीत. दर पंधरा मिनिटांनी नाडी, ताप, श्वास. लघवीचा रंग एकदा गडद दिसला, मग निवळला. संध्याकाळपर्यंत चाळीतले आणि साच्यावरचे मिळून अकरा जण बाह्या वर करून व्हरांड्यात उभे राहिले, त्यातल्या दोघांचं जुळलं. नवी बाटली लागली तेव्हा सुभद्राबाईंनी नळी मुठीत धरली. नळी नुसती गार होती, आणि गप्प.

जिच्यामुळे त्रास झाला ती बाटली नळीसकट चोवीस तास जपून ठेवायची, असा नियम आहे. सुभद्राबाईंनी तिला नळी गुंडाळली, ती शीतकपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग त्या कोंडीरामच्या स्टुलावर येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीरामने वाटीभर पेज मागून घेतली. सुभद्राबाईंनी कपाट उघडलं. बाटली बोटांना चावेल इतकी गार होती, नळीची दोन्ही टोकंही तशीच. मधोमध मात्र, एका मुठीएवढी, नळी कोमट होती.