कुंकवात अडकलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी फायरिंग पिन आहे. नाव ऐकून दचकू नका. अंगाने मी पेनातल्या रिफिलीएवढी, आणि राहते एनसीसीच्या रायफलीत, बोल्टच्या म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या लोखंडी दांड्याच्या पोकळीत, स्प्रिंगच्या कुशीत. घोडा ओढला की स्प्रिंग मला पुढे ढकलते, मी काडतुसाच्या बुडाला टिचकी मारते आणि गोळी सुटते. कौतुक मात्र नळीचं होतं, पॉलिश लाकडी दस्त्याला मिळतं. मला कुणी विचारत नाही याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

एका कारखान्यात लेथवर मला घडवलं आणि तिथून मी बारामतीच्या एका कॉलेजच्या कोतीत आले. कोत म्हणजे हत्यारांची कुलूपबंद खोली. सणसरची, पळसदेवची, इंदापूरची किती पोरंपोरी माझ्यावर नेम शिकली! मी एकदाही चुकले नाही. यंदा चुकले, त्याचीच ही गोष्ट.

कोतीचं काम सावळारामतात्यांकडे आहे. कॉलेजात शिपाई म्हणून त्यांना तीस वर्षं झाली. खंडेनवमीला ते रायफली ओळीने मांडून पूजा करतात. दरवर्षी कुंकू नळीला लागतं. यंदा त्यांनी बोल्ट मागे ओढला, माझ्या टोकाला हळदकुंकू लावलं, वर तेलाची धार धरली आणि म्हणाले, "हिला बी पोचू दे. खरं काम हीच करती."

खोटं कशाला बोलू? मला इतका आनंद झाला की अंगावरून तेलाबरोबर कुंकू आत ओघळतंय, याकडे मी लक्षच दिलं नाही. पुसायचं तात्यांचं मन झालं नाही. देवाचं कुंकू कुणी पुसतं का?

दिवाळी झाली, थंडी पडली. आत तेल, कुंकू आणि जळकी दारू यांचा चिकट लगदा झाला. मला पुढे जाताना जड जाऊ लागलं.

त्याच आठवड्यात नेमबाजीच्या संघाची निवड होती. निरवांगीच्या ज्योत्स्नाचं हे तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष. गेल्या साली ऐन निवडीच्या दिवशी ती तापाने फणफणली होती. या वेळी राहिली असती तर संघात जाणं कायमचंच राहिलं असतं. तिने श्वास रोखून घोडा ओढला. मी निघाले, पण लगद्यातून रखडत. टक् असा आवाज झाला आणि काडतूस फुटलंच नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच.

पळसदेवचे हवालदार गंगाराम तिचे उस्ताद. माणूस कडक, पण न्यायाचा. त्यांना वाटलं, पोरगी घाबरून बोल्ट पुरता बसवत नाही. उद्या शेवटची संधी, तिसरं काडतूस फुकट गेलं तर नाव कापणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. पोरी तिच्या हाताकडे बघू लागल्या. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, तिचा हात चांगला आहे, अडलेय ती मी! पण लोखंडाला कुठली वाचा?

ज्योत्स्ना रडली नाही. न फुटलेली दोन काडतुसं तिने उस्तादांपुढे धरली. त्यांच्या बुडावर माझी खूण होती, नखाने ओरखडल्यासारखी पुसट.

"उस्ताद, माझा हात बघितला," ती म्हणाली, "आता हिचं पोट बी बघा की."

उस्तादांनी काडतुसं उन्हात धरून पाहिली. मग रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री केली, बोल्ट काढून टेबलावर घेतला, स्प्रिंग जपून सैल केली आणि कितीतरी वर्षांनी मी अख्खी उजेडात आले. बोल्टच्या पोकळीत त्यांनी चिंदी फिरवली. ती बाहेर आली लालभडक.

उस्ताद काही बोलायच्या आतच दारातून तात्या पुढे आले. "कुंकू मीच लावलं व्हतं," ते म्हणाले. "हिचा मान म्हणून."

"तात्या," उस्ताद हळूच म्हणाले, "त्या मानापायी उद्या ह्या पोरीचं नाव मी कापलं असतं."

तात्यांची मान खाली गेली. ज्योत्स्नाने त्यांच्यापुढे रॉकेलची वाटी आणि दात घासायचा जुना ब्रश सरकवला. दोघांनी मिळून मला आणि स्प्रिंगला घासलं, कोरडं पुसलं. तात्या सवयीने तेलाची बाटली वाकडी करणार, तोच उस्तादांनी त्यांचा हात धरला. बोटाला लागेल एवढंच तेल माझ्या अंगावरून फिरलं. मग मला पुन्हा आत बसवलं.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाला पाच काडतुसं मिळाली. मी पाचही वेळा धावले, पाचही वेळा बार झाला. उस्तादांनी संघाच्या यादीत तिचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई मशीन असेल, पाण्याची मोटर असेल, वडिलांची फटफटी असेल. सणाला त्यांना कुंकू जरूर लावा, पण आधी मोठ्या माणसांकडून त्या उघडून, पुसून घ्या. आणि एखादं काम अडलं, तर करणाऱ्याला बोल लावण्याआधी आत एकदा बघा. त्या दिवशी ज्योत्स्नाच्या हाताकडे सगळ्यांनी जे संशयाने बघितलं, ते माझ्यामुळे. ते मला कुठल्याही रॉकेलने धुता येणार नाही.