रंगराव साहेबांचा पितळी डबा

मित्रांनो, माळ्यावर पोचे पडलेला, कळकट दिसणारा चार पुडांचा पितळी डबा आहे ना, तो मी. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडलो. दुर्गाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात दिलं आणि मी रंगरावांच्या संसारात आलो.

पिंपरीच्या माळरानावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहू लागला होता. त्यातल्या पत्र्याची पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगराव व्यवस्थापक होते. मोठा मानाचा माणूस! पण घरी दुर्गाबाई पाणी भरायला गेल्या, की हेच साहेब दोन्ही मुलींच्या वेण्या घालत. त्यांच्या हाताला येणारा खोबरेल तेलाचा वास कामगारांनाही ठाऊक होता. मला सायकलच्या दांडीला अडकवून ते निघत आणि दुपारी मला उघडून जेवत. दुर्गाबाई मला चिंचेनं घासून लख्ख ठेवत. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

पंचावन्न सालच्या एका दुपारी साहेब जेवत असताना अन्वर दारात आला. पत्रा कापायच्या यंत्रावरचा हा तरणा कामगार. पात्याखाली हात जाऊ नये म्हणून त्या यंत्राला पुढे जाळी असे.

"साहेब, यंत्राची जाळी ढिली झालीय. बंद ठेवू का?"

धाकट्या मुलीला सकाळपासून ताप होता. यंत्र बंद ठेवलं, तर माल रखडणार आणि साहेबांना उशिरापर्यंत थांबावं लागणार. तोंडातला घास गिळत ते म्हणाले, "आजचा माल जाऊ दे. उद्या सकाळी पहिलं तेच काम करू."

अन्वर मान हलवून गेला. साहेबांनी मला धुऊन पिशवीत ठेवलं. थोड्याच वेळात बाहेरून किंकाळी आली. अन्वरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

मालक आले. म्हणाले, "रंगराव, पोरगा हलगर्जी होता, असंच सांगायचं. तुमच्या नावाला धक्का नको."

"त्यानं मला सांगितलं होतं," रंगराव म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

मालक रागावले. साहेबांची नोकरी राहिली, पण ठरलेली बढती गेली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना खात होतं ते वेगळंच. एका सकाळी मुलीची वेणी घालता घालता त्यांची बोटं मध्येच थांबली. "अहो, काय झालं?" दुर्गाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ती वेणी पुरी केली. मग म्हणाल्या, "चला, आपण दोघं त्याच्या घरी जाऊ."

त्या दिवशी माझ्यात शिरा होता. अन्वरची आई रहमतबी दारातच उभी राहिली. साहेबांनी आपली चूक सांगितली. म्हातारी म्हणाली, "मग आता कशाला आलात?"

दुर्गाबाईंनी मला उंबऱ्याशी ठेवलं. कुणी मला हात लावला नाही. मी भरलेलाच परत आलो. मित्रांनो, इतकं जड मला कधीच वाटलं नव्हतं.

हात बरा झाल्यावर अन्वरला फाटकावर काम मिळालं. साहेब मला घेऊन त्याच्याजवळ गेले. "दोन घास माझ्याबरोबर खा रे."

"जेवण नको, साहेब," अन्वर म्हणाला. "बाकीच्यांची यंत्रं बघा."

तेव्हापासून जेवणाची सुट्टी झाली, की साहेब आधी प्रत्येक यंत्रापाशी जात. जाळी हलवून बघत, कामगाराला विचारत, शंका आली की काम बंद करत. मालकांची बोलणी खात. माझ्यातली भाजी गार होऊन जाई. लोक म्हणत, असा साहेब मिळायला नशीब लागतं. हे ऐकलं, की साहेबांची मान खाली जाई.

एकोणसाठ साली त्यांचं हृदय थांबलं. कारखान्याच्या आवारात शोकसभा झाली. साहेबांची आठवण म्हणून दुर्गाबाई मला सोबत घेऊन गेल्या होत्या. जो तो उठून सांगत होता, साहेबांच्या हातून कधी चूक झाली नाही. बाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. तेवढ्यात अन्वर उभा राहिला.

"असं बोलू नका. माझी बोटं साहेबांमुळे गेली. ते स्वतः सांगायचे, म्हणून मीही सांगतो. मी त्यांना माफ केलं का, ते मला अजून कळत नाही. पण त्या दिवसानंतर इथं कुणाचा हात गेला नाही, हेही खरं हाय."

दुर्गाबाई तिथं पहिल्यांदा मोकळेपणानं रडल्या. तिथं एवढे लोक बोलले होते, पण त्यांचा नवरा जसा होता तसा एकट्या अन्वरनंच सांगितला होता.

पुढे घरात स्टीलचा हलका डबा आला आणि मी माळ्यावर गेलो. माझी कल्हई उडाली आहे. मला पुन्हा उजळा, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, काही ढिलं झालंय, असं तुम्हांला कुणी सांगायला आलं, तर उद्यावर टाकू नका. रंगराव मायाळू होते, कष्टाळू होते, खरं बोलणारे होते. तरीही त्या एका दुपारी ते जागचे उठले नाहीत.